सासूबाईंनी मुंबई अजून पाहिलेली नाही

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही कराडजवळच्या एका गावातले. मिस्टरांचं शेतीऔषधांचं दुकान आहे, मी बालवाडीत शिकवते. मुलगी नववीत, मुलगा तिसरीत. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार.

गेल्या मे महिन्यात एका यात्रा कंपनीबरोबर आम्ही हैदराबादला गेलो होतो. तीन दिवसांत सतरा पॉइंट! गोवळकोंड्याला सासूबाई बसमध्येच बसून राहिल्या. सालारजंग म्युझियमला पाऊण तास दिला होता. तिथल्या मोठ्या घड्याळातून दर तासाला एक छोटासा माणूस बाहेर येऊन ठोके देतो. तो बघायला लोक जागा धरून बसले होते, आमचा मुलगाही बसला. बारा वाजायला दहा मिनिटं कमी असताना गाइडने शिट्टी वाजवली. मुलाने हट्ट केला, रडला, तेव्हा मिस्टरांनी सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. मुलगी त्यानंतर दोन दिवस वडिलांशी बोलली नाही. घरी आल्यावर फोटो चारशे निघाले, पण ते एकत्र बसून कुणी बघितले नाहीत.

आता भाऊबीज झाली की चार दिवस मुंबईला जायचं ठरतंय. मिस्टरांच्या मोबाइलमध्ये एकवीस ठिकाणांची यादी तयार आहे. “एवढा खर्च करून जातोय तर सगळं बघूनच यायचं,” असं त्यांचं म्हणणं. राहायचं बदलापूरला, त्यांच्या आतेभावाकडे. सासूबाई म्हणतात, “तुम्ही जावा, मी म्हशीजवळ थांबते.” सासरे मुंबईला गिरणीत होते, संपानंतर गावी आले ते कायमचे. आता त्यांना जाऊन दहा वर्षं झाली. सासूबाई मुंबईला कधी गेल्याच नाहीत. मुलगी चित्रं छान काढते, एलिमेंटरीची परीक्षा दिली आहे. मुलाला डबल डेकर आणि पेंग्विन बघायचे आहेत.

माझं विचाराल तर मला काहीच बघायचं नाही. समुद्राकाठी तासभर गप्प बसायचंय. कुणाला पाणी दे, कुणाची चप्पल शोध, असं त्या तासात काही नको. हे घरात सांगायची लाज वाटते. भांडण न होता मुंबई कशी बघायची?

उत्तर

ताई, आधी सासूबाईंचं बोलू.

त्या मुंबईला कधी गेल्याच नाहीत, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंत. तुमचे सासरे गिरणीत होते आणि संपानंतर परत आले. म्हणजे १९८२च्या १८ जानेवारीला जो संप सुरू झाला आणि ज्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, त्यातले ते एक. तोवरची त्यांची जितकी वर्षं मुंबईत गेली, तितकी वर्षं सासूबाईंनी गावाकडे एकटीने घर, शेत आणि पोरं सांभाळली असणार. नवरा यायचा तो यात्रेला आणि फार तर दिवाळीला. त्या काळी सातारा-कोल्हापूरकडच्या घराघरांत हेच होतं. चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा गडी राहायचे. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन ज्या वळकटीवर आडवा व्हायचा, तिच्यावरून दिवसपाळीचा नुकताच उठून गेलेला असायचा. जेवण बाईच्या खानावळीत. अशा खोलीत बायकोला आणणार कुठे?

सासूबाईंचं तारुण्य ज्या शहराने अर्धं ठेवून घेतलं, ते त्यांनी एकदाही पाहिलेलं नाही. म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. या सहलीत बाकी काय बघायचं राहिलं तरी चालेल, सासूबाईंना घरी ठेवून जाऊ नका.

त्या “मी थांबते” म्हणतात ते मनापासून असेलही. पण आधी त्यांच्या अडचणी काढून टाका आणि मग विचारा. म्हशीची धार कोण काढणार हे शेजारी नक्की करा, नाहीतर त्यांच्या हाती कारण तयारच आहे. गुडघ्यांचा विचार दिवस आखतानाच करा. आणि एक नाजूक गोष्ट. हैदराबादला त्या दिवसभर पाणी पीत होत्या का, आठवून बघा. आपल्याकडच्या वयस्कर बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत, कारण बाथरूम कुठे सापडेल याची धास्ती असते. मग दुपारी डोकं धरतं, चक्कर येते आणि आपण म्हणतो, आईंना दगदग झेपत नाही. गोवळकोंड्याला त्या बसमध्ये बसून राहिल्या तेव्हा त्यांचे गुडघे किती दुखत होते आणि किती वेळ त्या नुसत्या सोसत होत्या, हे त्यांनाच विचारा. तुम्ही सूनबाई आहात, तुम्हाला सांगतील. मुंबईत म्युझियम, मॉल, मोठं हॉटेल, नाट्यगृह अशा ठिकाणी सोय बरी असते. दर दोन तासांनी अशी एखादी जागा येईल असा दिवस ठरवा आणि ते त्यांना आधीच सांगून ठेवा.

सासरे कुठल्या गिरणीत होते, कुठल्या चाळीत राहायचे, हे घरात कुणाला माहीत आहे का? नसेल तर दिवाळीच्या साफसफाईत सापडेल. गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना म्हाडाची घरं मिळणार म्हणून गावोगाव अर्ज भरले गेले होते. तुमच्या घरातूनही भरला असेल तर त्याची प्रत ट्रंकेत कुठेतरी असेल. त्यावर गिरणीचं नाव असतं. नाहीतर फंडाची पावती, गिरणीचा जुना पास. तेही नसेल तर गावच्या यात्रेची पत्रिका काढा. तिच्यावर मुंबईकर मंडळाची नावं छापलेली असतात. आपल्याकडच्या पुष्कळ गावांच्या मुंबईत गावकीच्या खोल्या होत्या, काहींच्या आजही आहेत. गावातल्या सासऱ्यांच्या वयाच्या एखाद्या म्हाताऱ्याजवळ तासभर बसलात तर लालबाग, करी रोड, डिलाईल रोड, नायगाव यांतलं एखादं नाव निघेलच. ही चौकशी मुलीवर सोपवा. आजीच्या शेजारी वही घेऊन बसू दे. त्या बोलण्यातच सहल सुरू होईल.

पण सासूबाईंना खरं सांगून न्या. गिरणी तशी सापडणार नाही. बहुतेक गिरण्यांच्या जागी आता काचेचे टॉवर, ऑफिसं आणि मॉल आहेत. काही ठिकाणी जुनी भिंत किंवा चिमणी तेवढी उभी ठेवली आहे. लोअर परळचा फिनिक्स मॉल फिनिक्स मिलच्या जागेवर आहे, नावात तेवढी मिल उरली. बीडीडीच्या चाळीही पाडून तिथे मनोरे उभे राहत आहेत. तरी रस्ते तेच आहेत, करी रोडचा पूल तिथेच आहे, आणि लालबागला चिवड्याची गल्ली आणि मसाल्याची दुकानं अजून आहेत. त्या गल्लीत शिरलं की भाजलेल्या मिरच्यांचा ठसका आधी येतो, मग चिवड्याचे ढीग दिसतात. तिथून सासूबाईंच्या हाताने चिवडा घ्या. “ह्यांनी यात्रेला आणलेला असाच होता,” असं काही त्या म्हणाल्या तर तिथेच थांबा. पुढचं ठिकाण गाठायची घाई करू नका. फोटोसाठी त्यांना “आई, इकडे बघा, हसा” म्हणू नका. आणि त्या काहीच बोलल्या नाहीत तर तेही ठीक आहे. तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा.

हे इतक्या आग्रहाने का सांगते, तर मी स्वतः चुकले आहे.

माझे वडील दादर टीटीला वाढले. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, आज तिथल्या कित्येकांना हे माहीत नसतं. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला आली. तेव्हा वडील चोवीस वर्षांचे होते, आणि ती बघायला जमलेल्या गर्दीत होते. २००८ साली, आई गेल्यानंतर, मी त्यांना चार दिवस कोलकात्याला नेलं. मला त्यांचं मन रमवायचं होतं. मी वहीत यादी केली होती: व्हिक्टोरिया मेमोरियल, इंडियन म्युझियम, जोडासांको, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, कालीघाट. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला मी सकाळी आठला बाहेर काढायची आणि रात्री नऊला परत आणायची. ते एका शब्दाने कुरकुरले नाहीत. शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही एस्प्लनेडला टॅक्सी शोधत उभे होतो, हावड्याहून गाडी पकडायची होती. समोरून खडखडत, घंटा वाजवत ट्राम आली. वडिलांनी हात वर केला, लहान मुलं करतात तसा, आणि म्हणाले, “अगं, ट्राम!” मी म्हटलं, “बाबा, गाडी चुकेल.” त्यांनी हात खाली घेतला.

कोलकात्यात ट्राम आहे हे मला ठाऊक होतं. वडील ट्रामच्या गोष्टी सांगतात हेही ठाऊक होतं. पण तुम्हाला तिथे काय करायचंय, असं मी त्यांना एकदाही विचारलं नाही, आणि पोरीने एवढं ठरवलंय तर मध्ये कशाला बोला म्हणून ते गप्प राहिले. दोन वर्षांनी ते गेले. ती वही माझ्याकडे आहे. तिच्यातल्या सगळ्या नावांपुढे बरोबरची खूण आहे.

म्हणून, ताई, निघण्याआधी एका रात्री जेवणं झाली की पाचही जण बसा आणि प्रत्येकाला एकच विचारा: मुंबईत एकच गोष्ट करायला मिळणार असेल तर कुठली? सासूबाईंना सर्वांत आधी विचारा, कारण त्यांच्या आधी चार जण बोलले की त्या “मला काय, तुमचं बघा” म्हणून उठतील. शेवटी तुमचं स्वतःचं सांगा. त्याबद्दल पुढे बोलते.

आता तुमच्या मिस्टरांचं. त्यांना दोष देऊ नका. चार दिवस दुकान बंद ठेवणं काय असतं ते तुम्ही रोज बघता. गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि फोन वाजत राहतो. असा माणूस सहलीत खर्च वसूल व्हायला बघणारच. हैदराबादला जे झालं ते मात्र चुकीचं झालं. सगळ्यांसमोर मारणं मुलगा विसरलेला नाही, आणि मुलगी तर मुळीच नाही. मुंबईला जाण्याआधी त्यांनी मुलाजवळ एकदा बोलावं. “तुझं घड्याळ राहिलं, माझं चुकलं,” इतकं पुरे. हे तुम्ही एकांतात सुचवा, मुलांसमोर नको. यादी मात्र चार दिवसांसाठी चार गोष्टींवर आणा. एकवीस ठिकाणं केलीत तर निम्मा वेळ टॅक्सी शोधण्यात आणि रांगेत जाईल.

बदलापूरला राहू नका. आतेभाऊ कितीही मायेचा असला तरी बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे. लोकलने जायला दीड तास, यायला दीड तास, म्हणजे रोजचे तीन तास रुळांवर. सकाळी मुंबईकडे येणाऱ्या गाडीत आणि संध्याकाळी परतताना तिकडच्या गाड्यांची गर्दी काय असते ते रोज जाणाऱ्याला विचारा. दुखऱ्या गुडघ्यांनी आणि तिसरीतल्या पोराला घेऊन त्यात चढूच नये. शिवाय त्या घरच्या बाईला चार दिवस पाच माणसांचा स्वयंपाक. परळ-दादर भागात साधं स्वच्छ लॉज बघा, दोन खोल्या घ्या. जास्तीचे पैसे जातील ते यादीतली सतरा ठिकाणं गाळून वाचतील. आतेभावाकडे एक संध्याकाळ जेवायला जा, दिवाळीचा फराळ घेऊन. नातंही राहील.

आता मुलांचं. घड्याळाची भरपाई आधी करू.

चर्चगेटजवळ ओव्हल मैदान आहे. त्याच्या मधून आरपार पायवाट जाते. तिथे मध्यावर उभं राहिलं की एका हाताला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, दगडी, टोकदार कमानींच्या इमारती. दुसऱ्या हाताला १९३०च्या सुमाराची गोलसर गॅलऱ्यांची, फिकट रंगांची घरं. एकोणिसाव्या शतकातली मुंबई आणि विसाव्या शतकातली मुंबई मैदानाच्या दोन बाजूंना समोरासमोर. या परिसरातल्या ९४ इमारती २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेल्या. मध्ये पोरं क्रिकेट खेळत असतात, एकाच वेळी कितीतरी सामने, आणि कुणाचा चेंडू कुणाच्या खेळात गेला तरी कुणी हरकत घेत नाही. मुलीला इथे वही-पेन्सिल घेऊन दोन तास बसू द्या. एलिमेंटरी दिलेल्या मुलीला याहून चांगला विषय मिळणार नाही. “झालं का” म्हणून पाच-पाच मिनिटांनी विचारू नका. मोबाइल आपोआप बाजूला पडेल.

आणि मुलगा? राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे, १८७८ साली पुरा झाला, आणि त्याचं घड्याळ ठोके देतं. यावेळी त्याला घड्याळाकडे तोंड करून बसवा आणि ठोका पडेपर्यंत कुणी जागचं हलू नका. त्याच्या वडिलांनी त्याच्या शेजारी बसावं. सासूबाईंनाही एक सांगा. हा टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला, आईच्या नावाने, आणि त्यांनी पैसा मिळवला तो कापसाच्या व्यापारात. गिरणीवाल्याच्या घरच्या माणसांना ही गोष्ट वेगळी ऐकू येईल.

तिथून जहांगीर आर्ट गॅलरी जवळ आहे. १९५२ सालापासून आहे, आत जायला पैसे पडत नाहीत, आणि ज्यांचं प्रदर्शन असतं ते चित्रकार बहुधा तिथेच बसलेले असतात. मुलीला त्यांच्याशी बोलायला लावा. संकोचेल, पण लावा. बाहेर फुटपाथवरही चित्रकार चित्रं मांडून बसतात. मुलाची डबल डेकरही याच भागात होऊन जाईल. जुन्या लाल गाड्या २०२३मध्ये बंद झाल्या, आता विजेवरच्या एसी गाड्या आहेत, दक्षिण मुंबईत धावतात. सीएसएमटीबाहेर बेस्टच्या कुणालाही विचारा, कुठली कुठून सुटते ते सांगतील. वर जाऊन अगदी पुढची सीट धरायची. गर्दी नसेल तर शेवटच्या स्टॉपपर्यंत जा आणि त्याच गाडीने परत या. ही मुलाची सहल आहे, त्यात कुठे पोचायचं नसतं.

पेंग्विन राणीच्या बागेत. बाग बुधवारी बंद असते, हे आधी लक्षात ठेवा. तिथे पोचल्यावर बंद फाटक बघितलेली पोरं मी पाहिली आहेत. सकाळी लवकर जा, पेंग्विनची रांग वाढायच्या आत. सासूबाईंना तिथे जुन्या झाडांखाली बाकांवर बसता येतं, आणि ही झाडं खरोखर बघण्यासारखी आहेत, बाग १८६२पासूनची. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ साली उघडलेलं. ते उघडं आहे ना, ते निघण्याआधी फोन करून बघा. हे संग्रहालय मुंबईचंच आहे. कारागीर, बाजार, निरनिराळ्या जातीजमातींचे वेश, सगळं मातीच्या छोट्या पुतळ्यांमधून मांडलेलं. आटोपशीर आहे, पण वरच्या मजल्याला जिना चढावा लागतो, गुडघेदुखीवाल्या माणसाला खालचा मजला पुरे.

त्याच आवारात एक काळा दगडी हत्ती उभा आहे. तो मुलांना नक्की दाखवा. घारापुरीच्या बेटावर पूर्वी हाच हत्ती होता, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, पण उचलताना यंत्र तुटलं आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे मुंबईत आणून जोडले. जवळ जाऊन बघितलं तर सांधे दिसतात. घारापुरीला या खेपेला जाऊ नका असंच मी म्हणेन. लाँचने तासभर, पुढे शंभरावर पायऱ्या, सोमवारी लेणी बंद, आणि सासूबाईंना पुन्हा कुठेतरी खालीच बसून राहावं लागेल. मुलांना समुद्रातून बोट हवी असेल तर गेटवेहून बंदरात छोटी फेरी मारून आणणाऱ्या लाँचेस आहेत, त्या पुरतील. घारापुरीचा हत्ती बघून झाला की लेणी पुढच्या खेपेला ठेवायला मुलं तयार होतात.

राणीची बाग भायखळ्याला, आणि भायखळ्याच्या पुढचं स्टेशन चिंचपोकळी, मग करी रोड. म्हणजे सकाळी पेंग्विन आणि हत्ती, दुपारी जेवून थोडी विश्रांती, आणि चारनंतर सासूबाईंचं लालबाग. हा सगळा एकच दिवस, आणि तो सहलीतला दुसरा दिवस ठेवा. पहिल्या दिवशी माणूस प्रवासाने आंबलेला असतो, शेवटच्या दिवशी मन घराकडे लागलेलं असतं.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. कराडहून रात्रीची महालक्ष्मी धरलीत तर सकाळी सीएसएमटी. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि भाऊबीजेनंतरच्या गाड्या लगेच भरतात, तेव्हा आजच कॅलेंडर बघा. सासूबाईंना खालचा बर्थ मागून घ्या. मुंबई शहरात रिक्षा नाहीत, माहीम-सायनच्या पलीकडेच मिळतात. इकडे काळीपिवळी टॅक्सी, मीटरने. पाच माणसं एका टॅक्सीत बसत नाहीत, तेव्हा दोन कराव्या लागतील किंवा मोठी गाडी मागवावी लागेल, तो खर्च आधीच धरा. लोकलचा अनुभव मुलांना द्यायचा असेल तर दुपारी अकरा ते चारच्या मध्ये, स्लो गाडीने. सगळे एकाच डब्यात चढा. बायका लेडीजमध्ये, पुरुष जनरलमध्ये अशी फाटाफूट नको, मुंबईत नवख्या माणसांची चुकामूक तिथेच होते. रविवारी मेगाब्लॉक असतो, गाड्या उशिरा धावतात आणि काही स्टेशनांवर थांबतही नाहीत. रविवार लोकलसाठी धरूच नका. तो नाटकाला द्या. दादरच्या शिवाजी मंदिरला दुपारचा प्रयोग असतो, एसीत तीन तास सगळ्यांचे पाय मोकळे. तुमच्या मिस्टरांनी नाटक निवडावं. मला वाटतं, त्यांनाही चार दिवसांत कुणीतरी काहीतरी दाखवायला हवं आहे. सतत सगळ्यांना दाखवत फिरण्याने माणूस दमतो.

परतीच्या दिवशी सीएसएमटीला दोन तास आधी पोचा. सामान एकाजवळ ठेवून आळीपाळीने समोरच्या रस्त्यापलीकडे जा आणि स्टेशनच्या इमारतीकडे बघा. संध्याकाळी तिच्यावर दिवे सोडतात. १८८८च्या सुमारास पुरी झालेली ही इमारत २००४पासून जागतिक वारसा आहे. फाटकाच्या एका खांबावर सिंह बसलाय, दुसऱ्यावर वाघ. भिंतींवर माकडं, मोर, पानंफुलं कोरलेली आहेत, मुलीला मोजायला सांगा. तुमचे सासरे पहिल्यांदा मुंबईत उतरले ते इथे किंवा दादरला. घरी जायची गाडीही त्यांनी कितीदा तरी इथूनच धरली असेल.

आता तुमचं. लाज वाटायचं काही कारण नाही, ताई. तुम्ही बालवाडीत चाळीस पोरं सांभाळता, घरी येऊन पाच माणसांचं बघता. सहलीत बायकांचं काम उलट वाढतं. डबा, औषधं, ओले टॉवेल, कुणाला उलटी होते, कुणाला भूक लागते. तुम्हाला एक तास हवा आहे. तुम्हीच सांगायला लाजलात तर तो कुणी आपणहून देणार नाही. घरातल्यांचं प्रेम कमी आहे म्हणून नव्हे. त्यांना कळतच नाही, जसं मला वडिलांच्या ट्रामचं कळलं नाही. तेव्हा त्या रात्री सगळ्यांनी आपापलं सांगितलं की तुम्हीही सांगा, वेळेसकट: “तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा मी मरिन ड्राइव्हवर बसणार आहे, एकटी.” कारण देत बसू नका. मिस्टर गोंधळतील, सासूबाई बहुतेक तुमच्या बाजूने बोलतील.

चौपाटीकडे फार गर्दी असते, भेळ, फुगे, आरडाओरडा. मुलांना आणि सासूबाईंना मिस्टरांबरोबर तिकडे पाठवा, वाळू आणि भेळ दोन्ही मिळेल. तुम्ही दुसऱ्या टोकाला जा, नरिमन पॉइंटकडे. टॅक्सीवाल्याला एनसीपीए सांगा. तिथे कठड्यावर जागा मिळते. पर्स मांडीवर घ्या, फोन मिस्टरांकडे देऊन टाका. दिवाळीनंतर सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. भरती असेल तर खालच्या सिमेंटच्या तिकाटण्यांवर पाणी फुटत राहतं आणि अंगावर बारीक तुषार येतात. चहावाला येईल. घ्यायचा असेल तर घ्या, नको असेल तर मान हलवा, तो पुढे जातो. शेजारी कुणी येऊन बसलं तरी मुंबईत कुणी कुणाशी उगाच बोलत नाही. अंधार पडला की उजवीकडून डावीकडे एकेक करत दिवे लागतात, थेट मलबार हिलपर्यंत. साडेसहाला घरचे घ्यायला येतील. तोवर उठू नका.